गड उतरून आलेली वाडी

भंडारदऱ्यास जाणारा प्रवासी बहुधा पाण्यासाठी जातो. ज्येष्ठाच्या तोंडाशी झाडाझाडांवर लखलखणारे काजवे, आषाढ-श्रावणात कड्याकड्यावरून कोसळणारे प्रपात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तुडुंब भरून निवांत पसरलेला जलाशय, इतके पाहून, शेंडी गावाच्या बाजारात चहा घेऊन तो घोटीच्या नाही तर संगमनेरच्या रस्त्याला लागतो. आणि त्यात गैर असे काही नाही, कारण सौंदर्य पाहण्यासाठी इतिहासाचा परवाना लागत नाही. परंतु ज्या डोंगरपट्टीतून हे पाणी उतरते ती डोंगरपट्टी, पाणी अडवण्याची विद्या येथे येण्यापूर्वी काही शतके, माणसे अडवण्याच्या कामी राबत होती. आणि जलाशयाच्या पार शेवटच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी जी रतनवाडी वसली आहे, तिची हकीकत ही मुळात एका किल्ल्याच्या शिबंदीची हकीकत आहे. ती समजून घ्यायची तर शेंडीपासून वीसेक किलोमीटर आत जावे लागते.

अहमदनगर जिल्ह्याचे, आताच्या अहिल्यानगरचे, नाव काढताच डोळ्यांपुढे उभे राहतात ते कांद्याचे ढीग, उसाचे मळे आणि त्यांच्या मधूनमधून पसरलेली दुष्काळी माळराने. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग या चित्रात कोठेच बसत नाही. याला इकडे डांगाण म्हणतात. सह्याद्रीचा मुख्य कणा येथूनच जातो. कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांवर उत्तरेच्या अंगाला उभे आहे, त्याच्या पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी, दक्षिणेस रतनगड, कात्राबाई, आजोबा आणि त्यांच्याही पलीकडे हरिश्चंद्रगड. घाटघरच्या कड्यावर समुद्राकडून आलेला पाऊस असा काही आदळतो की, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत ज्या दिवशी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात त्या दिवशी येथे माणूस इरल्याखालून डोके बाहेर काढू शकत नाही. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही येथली पिके, डांगी ही येथली गाईबैलांची जात, आणि महादेव कोळी हा येथला प्रमुख समाज.

मुतखेल, कोलटेंभे अशी गावे मागे टाकीत रस्ता जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीस पोचतो. प्रथम दृष्टीस पडते ते अमृतेश्वराचे देऊळ. काळ्या पाषाणातले, भूमिज शैलीच्या शिखराचे हे मंदिर पाहून कोणीही सहजच ‘हेमाडपंती’ असे म्हणून मोकळा होतो. पण हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला, आणि या शिखरावरच्या लहान लहान शिखराकृतींच्या उभ्या माळा, खांबांवरची कोरीव कामाची दाटी, ही लक्षणे त्याच्याहून जुन्या परंपरेची, अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय ज्या कुळातले त्या कुळातली आहेत. जवळच एक चौकोनी पुष्करणी आहे. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जातात आणि भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती बसवल्या आहेत. शिवालयाच्या शेजारी विष्णूचे तीर्थ असावे आणि त्याचा कोणाला खेद-विषाद वाटू नये, हे त्या काळाचे औदार्य म्हणावे की येथल्या डोंगराचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. वाडीत मात्र या देवळाची कथा समुद्रमंथनाशी जोडलेली आहे, आणि प्रवरा नदीला अमृतवाहिनी म्हणण्याचे मूळही तेथेच. हीच नदी खाली नेवाशाला जाते, जेथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते.

देऊळ गडाहून जुने असेल. वाडी मात्र गडाची आहे. एवढ्या आडबाजूला, जेथे सपाट जमीन ओंजळभर आणि पाऊस चार महिने वस्ती करून राहणारा, तेथे माणसांनी घरे बांधून राहावे यास देवळाचा पुजारी आणि चार भक्त एवढे कारण पुरेसे नाही. कारण हवे ते डोक्यावर आहे. वाडीच्या पाठीशी रतनगडाचा कातळ एकदम अंगावर येतो, त्याला लागून खुट्ट्याचा सुळका, आणि माथ्याजवळच्या खडकात आरपार पडलेले नैसर्गिक भोक, ज्याला नेढे म्हणतात, तेही स्वच्छ दिवशी खालून ओळखू येते. गडाची उंची १२९७ मीटर. पश्चिमेकडे पाहिले तर कोकण हजारभर मीटर खाली आहे, आणि त्या कोकणातून वर देशावर येणाऱ्या वाटा, घाटघरला निघणारा चोंढे घाट आणि साम्रदच्या आसपासच्या लहानमोठ्या पाऊलवाटा, यांच्यावर या गडाची नजर आहे. घाटवाट म्हणजे व्यापार, व्यापार म्हणजे जकात, आणि जकात म्हणजे राज्य. ज्याच्या हाती गड त्याच्या हाती घाट, हे सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत कोणाला वेगळे शिकवावे लागले नाही.

देवळाच्या कट्ट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बाबा, गडावर तुमच्या घराण्यातले कोणी चाकरीला होते का, असे विचारले तेव्हा ते हसले. “येकलं घराणं कशाला? समदं गावच गडावर व्हतं म्हणत्यात. मंग सरकार बदाललं आन् खाली आलं.” या एका वाक्याला दप्तराचा आधार मागण्यात अर्थ नाही, तो पिढ्यानुपिढ्या सांगितलेला सारांश आहे. परंतु १८१८ नंतर या पट्टीत जे घडले त्याच्याशी तो इतका जुळतो की, मी पुढची सगळी चढण त्याच वाक्याची संगती लावीत चढलो.

वाट प्रथम प्रवरेचे लहानसे पात्र ओलांडीत जाते, मग दाट रानात शिरते. कारवीची झुडपे दोन्ही बाजूंना उभी. हीच कारवी तोडून, विणून, शेणमातीने सारवून येथल्या घरांच्या भिंती होतात. एका ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते. ती डावीकडे सोडायची. वाटाड्या म्हणून बरोबर आलेला वाडीतला तरुण मुलगा पुढे चालता चालता जांभळ, हिरडा, करप अशी झाडांची नावे सांगत होता आणि हिरड्याजवळ मात्र थांबला, कारण हिरडा हे नुसते झाड नव्हे, ते उत्पन्न आहे. शेवटचा कडा लोखंडी शिड्यांनी चढावा लागतो. शिडी संपते तेथे गणेश दरवाजा. दरवाजाच्या आत डोंगराच्या पोटात गुहा आहेत, त्यांतल्या एकीत रत्नादेवीचे स्थान. वाडी अजून हिलाच गडाची खरी मालकीण समजते, आणि मला वाटते, ज्या गडाचे धनी चार-चार वेळा बदलले त्याच्या लोकांनी न बदलणारा एक धनी नेमून ठेवावा यात मोठे शहाणपण आहे.

हनुमान दरवाजा, पडक्या वाड्यांची जोती, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, राणीचा हुडा म्हणून दाखवतात तो गोल बुरूज, असे पाहत माथा फिरता येतो. टाक्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. डोंगरी किल्ला तटावर जगत नाही, टाक्यावर जगतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे त्यात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहण्याची ताकीद आहे, आणि एका पाण्यावर विसंबू नये असाही कटाक्ष आहे. रतनगडावर हिंडताना त्या ताकिदीचे प्रात्यक्षिकच दिसते. टाकी माथ्यावर एकाच जागी नाहीत, ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. कातळ खोदताना निघालेला दगड तटाला लागला आणि त्या खड्ड्यात पाऊस साठला, असा एकाच श्रमात दोन कार्ये साधण्याचा हिशोब. काही टाक्यांचे पाणी अजून पिण्याजोगे आहे. काहींत प्रवाशांनी बाटल्या टाकल्या आहेत.

पण या गडाचे खरे रूप पाहायचे असेल तर नेढ्यावरून उतरून त्र्यंबक दरवाजाकडे जावे. नेढ्यात बसून वारा खाणे ही गंमत आहे. त्र्यंबक दरवाजा ही गंमत नाही. कड्याच्या एका अरुंद घळीत खडकच कोरून काढलेल्या पायऱ्या खाली साम्रदच्या दिशेने उतरतात. काही गुडघ्याइतक्या उंच, काही अर्ध्या झिजलेल्या, दोन्ही बाजूंना कातळ इतका जवळ की खांद्यावर ओझे घेतलेल्या माणसाला आडवे होऊन चालावे लागेल. वरून एक माणूस धोंडे लोटीत बसला तर खालून शंभर माणसे येऊन उपयोग नाही. येथे उभे राहिले की शिबंदी या शब्दामागची माणसे दिसू लागतात: पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्री, धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नसताना, घोंगडे पांघरून याच घळीच्या तोंडाशी गस्तीला बसलेला कोणी एक नाईक आणि त्याच्या हाताखालची दहा माणसे.

शिवकालीन गडाची व्यवस्था प्रसिद्धच आहे. हवालदाराच्या हाती किल्ल्या, सबनिसाकडे हजिरी आणि हिशोब, सरनोबताकडे फौज. तिघे एकाच जातीचे नसत आणि तिघांची संमती एकमेकांवर बांधलेली असे, म्हणजे एकाला फितूर करून गड हाती येऊ नये. कारखानिसाकडे कोठी आणि दारूगोळा. दहा माणसांवर एक नाईक. हा सारा कारभार माथ्यावरचा. पण गडाचे रक्षण माथ्यावरून होत नाही, पायथ्यापासून होते. म्हणून गडाभोवतीच्या वाटांवर मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, बसवलेली असत आणि त्या मेटांवर रामोशी, कोळी, महार, बेरड अशा, त्या त्या मुलखाची पावलापावलाची माहिती असणाऱ्या लोकांची नेमणूक असे. त्यांना रोख तनख्यापेक्षा जमीन दिलेली असे, घेऱ्यातल्या गावांत हक्क असत, गवत-लाकडाची मोकळीक असे. त्यांची बायकामुले पायथ्याला राहत, भात लावीत, गुरे राखीत. सारांश, हवालदार बदलीवर येई-जाई. मेटावरचा कोळी तेथेच जन्मे आणि तेथेच मरे. इतिहासाने नोंदी ठेवल्या त्या बहुतेक पहिल्याच्या. डांगाणात शिल्लक राहिला तो दुसरा.

महादेव कोळ्यांचा हा डोंगरी संसार मराठेशाहीहून जुना आहे. सह्याद्रीच्या या बाजूच्या खोऱ्यांना बावन मावळे म्हणत आणि प्रत्येक मावळावर एकेक नाईक असे. मोगलांच्या अंमलात त्यांनी बंड केले तेव्हा शिवनेरीवर त्यांची जी कत्तल झाली तिची खूण म्हणून तेथला कोळी चौथरा दाखवतात. शिवाजी महाराजांच्या काळात या भागाचे महत्त्व एका प्रसंगाने सर्वांना ठाऊक आहे: १६७९ मध्ये जालन्याची लूट घेऊन परतताना मोगली फौज पाठीवर आली, तेव्हा बहिर्जी नाइकाने आडवाटांनी महाराजांना पट्ट्याच्या किल्ल्यावर सुखरूप पोचवले, आणि त्या विसाव्यावरून तो गड विश्रामगड झाला. पट्टा याच अकोले तालुक्यात, येथून एका डोंगररांगेच्या अंतरावर. आडवाटांचे ज्ञान हीच या मुलखाची दौलत होती, आणि ती लुटून नेता येत नव्हती.

पेशवाईत या दौलतीचे मोल राज्यकर्त्यांना वेगळ्या रीतीने कळले. १७६०च्या सुमारास जावजी बांबळे या कोळी नाइकाने बंड पुकारले. जवळजवळ वीस वर्षे तो पेशव्यांच्या सरदारांना हाती लागला नाही. जे पाठवले त्यांतले काही त्याने मारले. अखेर नाशिकचे सरकारी सुभेदार धोंडो गोपाळ यांच्या सल्ल्याने त्याने आपल्या ताब्यातले किल्ले तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले, होळकरांच्या रदबदलीने त्याला माफी मिळाली आणि राजूरच्या आसपासच्या साठ गावांचा फौजदारी बंदोबस्त त्याच्याच हाती दिला गेला, अगदी बंडखोर कोळ्यांना देहान्त शासन देण्याच्या अधिकारासुद्धा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे पुण्यातल्या एखाद्या कारकुनाने त्या वेळी म्हटले असेल. मला तो व्यवहार चोख वाटतो. ज्याला पकडता येत नाही त्याला नेमावे, हे धोरण पुढे इंग्रजांनीही या डोंगरांत निमूटपणे स्वीकारले. फरक इतकाच की, तेथवर येण्यास त्यांना चाळीस वर्षे लागली.

१८१८च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकचा दुर्ग कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने घेतला आणि त्या एका बातमीने डोंगरपट्टीतले दुसरे किल्ले फारसा प्रतिकार न होता इंग्रजांच्या स्वाधीन झाले. नव्या सरकारला किल्ल्यांची गरज नव्हती. तोफखाना आणि सडका यांच्यावर ज्याची भिस्त त्याला गड म्हणजे बंडखोरांचे आयते घर. म्हणून कोठे दरवाजे पाडले, कोठे पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, आणि शिबंदी मोडली. हे शेवटचे काम सर्वांत सोपे वाटले असेल, कारण त्याला दारू लागत नाही, एक हुकूम लागतो. पण परिणाम त्याचेच फार झाले. ज्यांचा चरितार्थ पहाऱ्यावर होता, ज्यांचे घेऱ्यातले हक्क त्या पहाऱ्याचा मोबदला म्हणून चालत आले होते, त्या शेकडो नाईक-नाईकवाड्यांचे तनखे एकतर बंद झाले नाहीतर कापले गेले. कट्ट्यावरच्या बाबांच्या वाक्यातले “खाली आलं” ते हे. माणसे गड उतरली, पायथ्याच्या घरांत राहिली, आणि नांगराला बैल जोडून शेतकरी झाली. पण ती हिशेबाने शेतकरी नव्हती, कारण जेवढी जमीन होती ती पहाऱ्याच्या पगाराला जोड म्हणून पुरेशी होती, पगारावाचून नव्हती.

आणि जेथे जमीन पुरत नाही तेथे सावकार येतो. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे आणि रामा किरवा यांनी याच डोंगरांत उठाव केला. रामजी हा काही रानातला अनोळखी दरोडेखोर नव्हे. तो सरकारी पोलिसांत जमादार होता, म्हणजे कंपनी सरकारनेही जुन्या नाइकांना थोडेफार हाताशी धरलेले होते, परंतु हक्क कापून मान द्यावा असला तो अर्धामुर्धा व्यवहार होता. या उठावाचा मोड करण्यासाठी जे अधिकारी राबले त्यांतल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढे महादेव कोळ्यांविषयी एक विस्तृत वृत्तांत लिहून ठेवला. ज्यांच्या मागावर रात्रंदिवस हिंडलो त्यांच्याच कुळांची, देवांची आणि चालीरीतींची नोंद एखाद्या लष्करी माणसाने एवढ्या आस्थेने करावी, हा इंग्रजी स्वभावाचा एक गुणच म्हटला पाहिजे. मात्र आज या समाजाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास त्याच्या पाठलाग करणाऱ्याच्याच दप्तरात डोके घालावे लागते, ही गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

रामजीचा मुलगा राघोजी. त्याचे गाव देवगाव, याच तालुक्यातले. १८४४-४५ च्या सुमारास त्याने जे बंड उभारले त्याचा रोख मुख्यतः सावकारांवर होता. कर्जरोखे आणि खातेवह्या हेच त्याचे शत्रू. नाशिक, नगर, पुणे आणि ठाणे या चार जिल्ह्यांच्या डोंगरपट्टीत तो आज येथे तर उद्या तेथे असा फिरत राहिला, आणि ज्या वाटांवर त्याच्या पूर्वजांनी राज्यासाठी पहारा केला त्याच वाटांनी राज्याला चकवीत राहिला. २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेलच्या हाती तो सापडला तो आपल्या डोंगरांत नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. डांगाणात आज प्रत्येक गावात राघोजीचे नाव ऐकू येते. शाळेच्या भिंतीवर, चौकातल्या फलकावर, तरुणांच्या मंडळांच्या नावांत. रतनगडाच्या एकाही हवालदाराचे नाव कोणाला सांगता येत नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आतच सत्तावनचे साल आले. भागोजी नाइकाच्या भिल्लांनी सिन्नर-संगमनेरच्या बाजूला उचल केली आणि ज्यांची शिबंदी चाळीस वर्षांपूर्वी मोडली होती त्याच कोळ्यांची सरकारला आठवण झाली. कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली कोळ्यांचे एक पथक उभारले गेले. भरती झालेले लोक आपापल्या घरच्या तलवारी आणि बंदुका घेऊन आले. चाळीस वर्षे त्या घराघरांत आढ्याला टांगून होत्या की काय कोण जाणे, पण होत्या. चालण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, सामान म्हणजे एक घोंगडे. हे पथक १८६१ च्या मार्चमध्ये मोडले. पुन्हा गावी परत, पुन्हा नांगर.

यापुढे डांगाणाच्या इतिहासात लढाया नाहीत, आणि लढाया संपल्या की इतिहासकारही निघून जातात. माझ्या मते गोष्ट येथूनच अधिक पाहण्यासारखी होते. १९१० मध्ये प्रवरेवर दगडी धरणाचे काम सुरू झाले. १९२६ च्या १० डिसेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव धरणाला मिळाले. उंची दोनशे सत्तर फूट. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या दगडी धरणांत फार वरच्या क्रमाचे काम. सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी त्याच्यामागे साठते. हे पाणी पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूरकडे जाते. त्या पाण्यावर हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, त्याच पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीस सहकारी साखर कारखाना काढला, ज्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि ज्याने महाराष्ट्राच्या राजकारणाची घडी बदलली. नदीच्या वरच्या अंगाला मात्र काय झाले? दरीच्या तळाची, गाळाची, म्हणजे जी काही चांगली होती ती भातजमीन पाण्याखाली गेली. वाड्या वर सरकल्या. आणि रतनवाडीला शेंडीशी जोडणारा सरळ मार्ग जाऊन जलाशयाचा वळसा आला. गडाच्या काळी हे लोक खालच्या मुलखासाठी वाट राखीत होते. धरण झाल्यावर ते खालच्या मुलखासाठी पाणी राखू लागले. पहिल्या कामाचा निदान तनखा तरी मिळत होता.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि राखण्याच्या यादीत शेकरूची भर पडली. घाटघरला त्यानंतर एक निराळाच उद्योग आला: तेथले वरचे धरण आणि कड्याखाली कोकणातले खालचे धरण यांच्यामध्ये पाणी खेळवून वीज करणारा, अडीचशे मेगावॉटचा प्रकल्प. विजेची मागणी कमी असते त्या वेळी पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडायचे. ज्या कड्याने फौजा कधी वर आल्या नाहीत त्या कड्याने पाणी रोज वर येते, हे घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहून ऐकताना गमतीचे वाटते.

आम्ही त्र्यंबक दरवाजाने उतरलो नाही. त्या बाजूचे पाऊल सांभाळण्याइतके माझे गुडघे आता विश्वासू राहिलेले नाहीत. आल्या वाटेने वाडीत परतलो. वाटाड्याच्या घरी जेवणाची सोय होती. चुलीवरची नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, भात आणि पातळ वरण. ओटीवर भिंतीला मोठ्या अक्षरांत दरपत्रक लावलेले: तंबू, जेवण, वाटाड्या, सांदणदरीसाठी दोर. साम्रदजवळची ती घळ पाहायला हल्ली रतनगडाहून जास्त लोक येतात. मुलाच्या आईने, “अजून येक भाकर घ्या बाबा, गड चढून आलायसा,” असे म्हणत ताटात भाकरी टाकली आणि नाही म्हणण्याची सोय ठेवली नाही.

जेवता जेवता वर्षाचा हिशेब निघाला. मृगाच्या आधी काजव्यांची गर्दी. तेव्हा पंधरा-वीस दिवस घरात निजायला जागा राहत नाही. मग राब भाजून तयार केलेल्या वाफ्यांत भाताची रोपे, लावणी, आणि त्याच वेळी धबधब्यांचे लोक. दसऱ्यापर्यंत सोनकीची फुले, दिवाळीपर्यंत भातकापणी. थंडीत तंबूवाले. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते तेव्हा गोऱ्हा नेऊन विकायचा. हिरडा जमवायचा, त्याला दर मिळाला तर मिळाला. आणि एवढे सगळे करूनही वर्ष भरत नाही म्हणून होळीच्या आगेमागे घरातली दोन माणसे नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याच्या मळ्यांवर मजुरीला जातात. तिकडे बागायत आहे, पाणी बारमाही आहे.

“दादा, गडावरच पर्यटक वर्षभर आले तर जायला लागणार नाही ना?” मी वाटाड्याला विचारले.

“गड काय करंल,” तो म्हणाला, “पाऊस चार महिने, आन् उन्हाळ्यात टाक्याचं पाणी आटल्यावर वर कोण जाईल?” त्याच्या थोरल्या भावाला दुसऱ्या दिवशी नारायणगावला निघायचे होते. पहाटेची गाडी साधली तर राजूरला पुढची मिळते आणि दुपारच्या आत मजुरांच्या अड्ड्यावर उभे राहता येते. चुकली तर तो दिवस फुकट जातो. त्यामुळे गोष्टी तेवढ्यावरच थांबवून घरातल्या सगळ्यांनी लवकर अंथरुणे घातली.